कॅमेऱ्यातलं एचडीआर आणि मेन्यूतल्या इतर सोयी: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरा घेऊन वर्ष उलटतं, तरी बहुतेकांनी मेन्यूचं तिसरं-चौथं पान उघडलेलं नसतं. रविवारी सकाळी अंबाझरी तलावावर नाहीतर जुन्या महाल भागात फोटो काढायला जमलो, की तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. माझं म्हणणं साधं आहे: एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एका फोटोत सांभाळण्याची सोय) काय किंवा दुसरी कुठली सोय काय, ती सुरू केली की कॅमेरा तुमच्या वतीने काही निर्णय घ्यायला लागतो. कुठला निर्णय घेतोय ते माहीत असेल तर खुशाल वापरा. माहीत नसेल तर महत्त्वाच्या दिवशी ती बंद ठेवा आणि घरी निवांत करून बघा.

एचडीआर मोडमध्ये कॅमेरा आत नेमकं काय करतो?

एकदा बटण दाबलं की तो पाठोपाठ दोन किंवा तीन फ्रेम घेतो. एक कमी उजेडाची, एक मधली, एक जास्त उजेडाची. मग कमी उजेडाच्या फ्रेममधून आकाश आणि चकाकणारे भाग उचलतो, जास्त उजेडाच्या फ्रेममधून सावलीतले भाग उचलतो, आणि सगळं जोडून एक जेपीईजी (कॅमेऱ्याने तयार करून दिलेली फोटोची फाइल) कार्डावर ठेवतो. निकॉनचे बरेच डीएसएलआर दोन फ्रेम घेतात. कॅनन, सोनी आणि फुजीफिल्म साधारण तीन.

याची गरज का पडते ते महालातल्या जुन्या लाकडी वाड्यात उभं राहिलं की लगेच कळतं. सकाळी दहा-अकराचं ऊन चौकात पडलंय आणि तुम्ही ओसरीवरून फ्रेम लावताय. चौकासाठी मोजणी साधारण एफ ८ (लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), शटर १/४०० सेकंद येते. तिथूनच आतल्या माजघराकडे कॅमेरा वळवला की शटर १/६ पर्यंत खाली उतरतं. मध्ये सहा स्टॉपचं अंतर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे ६४ पट उजेड. हे झालं सरासरीचं. चौकात दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर त्याच्याही दोन स्टॉप वर असतं आणि माजघरातला दिव्याचा कोनाडा आणखी दोन-तीन स्टॉप खाली. एका जेपीईजीत एवढं मावत नाही. चौक सांभाळला तर माजघर काळंठिक्कर, माजघर सांभाळलं तर धोतर पांढरंफटक, घडीसुद्धा दिसत नाही. तीन स्टॉपच्या अंतराने १/४००, १/५० आणि १/६ अशा तीन फ्रेम घेतल्या, की धोतराची घडी पहिल्या फ्रेममधून मिळते, कोनाड्यातली काजळी तिसऱ्यातून.

हे तंत्र डिजिटल कॅमेऱ्यांबरोबरच आलं का?

नाही, बरंच जुनं आहे. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ले ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी, अशा दोन वेगळ्या निगेटिव्हवरून एकच प्रिंट काढत होता, कारण त्या काळच्या काचेच्या प्लेटवर दोन्ही एकत्र उतरत नसत. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे, डिजिटल फोटो गणिताने जोडण्यावरचा पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांचा शोधनिबंध १९९७ चा. कॅमेऱ्याच्या आतच हे काम उरकणारा पहिला डीएसएलआर पेंटॅक्स के-७, साल २००९. त्यानंतर दोन-तीन वर्षांत बहुतेक सगळ्या कंपन्यांनी ही सोय आणली.

ताई, माझ्या मेन्यूत एचडीआर दिसतं, पण राखाडी आहे. निवडताच येत नाही. बिघाड आहे का?

बिघाड नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि दहातल्या नऊ वेळा उत्तर एकच असतं: तुम्ही रॉ (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) किंवा रॉ अधिक जेपीईजी निवडलेलं आहे. निकॉनचे बरेच डीएसएलआर, सोनीचं ऑटो एचडीआर आणि कॅननच्या मधल्या श्रेणीच्या बऱ्याच बॉडी रॉ सुरू असताना एचडीआर देत नाहीत. इमेज क्वालिटीत जाऊन फक्त जेपीईजी करा, ओळ लगेच उजळेल.

तरीही राखाडीच असेल तर आणखी काही गोष्टी तपासा. मोड डायल पूर्ण ऑटोवर किंवा सीन मोडवर आहे का, ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या वेगळ्या फ्रेम पाठोपाठ घेणं) सुरू राहिलंय का, मल्टिपल एक्स्पोजर (एका फोटोत दोन फ्रेम) सुरू आहे का. यातलं काहीही चालू असलं तरी एचडीआर अडतं.

कॅननच्या ५डी मार्क थ्रीसारख्या वरच्या बॉडीत आणि निकॉनच्या झेड ६, झेड ७ मध्ये मात्र जोडलेल्या फोटोसोबत मूळ फ्रेमही जपून ठेवता येतात. ही सोय असेल तर ती कायम चालू ठेवा. कॅमेऱ्याने जोडलेला फोटो आवडला नाही तरी घरी येऊन स्वतः जोडता येतो. कार्डाची जागा जास्त जाते, जाऊ द्या.

सोनीच्या अलीकडच्या काही बॉडीतून ऑटो एचडीआर काढूनच टाकलं आहे. तिथे शोधत बसू नका, ब्रॅकेटिंग वापरा.

पहिल्यांदा करून बघायचं तर कुठे जाऊ?

कुठेही जाऊ नका, घरातच बघा. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभं राहा. खिडकीबाहेर ऊन, आत ओटा, ओट्यावर स्टीलचा डबा आणि सावलीत मसाल्याचा डबा. आधी साधा फोटो काढा. मग एचडीआर एक स्टॉपवर, दोनवर, तीनवर आणि शेवटी ऑटोवर. चारही फोटो मोठे करून एकच जागा बघा: खिडकीचे गज जिथे बाहेरच्या उजेडाला टेकतात ती कड. एचडीआर जास्त झालं की त्या कडेला उजळ किंवा काळपट झालर दिसते. तुमच्या कॅमेऱ्याला किती झेपतं ते या एका कडेवरून कळतं.

आणि मग बाहेर, नागपुरात?

महालातले वाडे वर सांगितलेच. मालकांना विचारून आत जा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात.

रामटेक शहरापासून पन्नासेक किलोमीटर, पण या कामासाठी तिथवर जाणं सार्थकी लागतं. गडमंदिराच्या दगडी दरवाजांतून बाहेर बघताना कमानीच्या आतला दगड सावलीत असतो आणि बाहेर पायथ्याचा अंबाळा तलाव उन्हात. कमान चौकटीसारखी ठेवायची असेल तर ती थोडी काळपटच राहू द्या, एक किंवा दोन स्टॉप पुरे. दगडाचा पोत दिसला की थांबा, दगड उजळ करायची गरज नाही. गाभाऱ्यात कॅमेरा काढू नका.

अंबाझरीच्या पाळीवरून सूर्यास्त पाण्यापलीकडे दिसतो. सूर्य टेकायच्या अर्धा तास आधी आकाश आणि अलीकडचा काठ यांत फार मोठं अंतर असतं, तेव्हा एचडीआर लावा. सूर्य बुडाल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी हेच अंतर आपोआप कमी होतं आणि साधा फोटो जास्त चांगला येतो. पुष्कळ लोक नेमके त्याच वेळी कॅमेरा बॅगेत घालून निघतात.

दीक्षाभूमीचा पांढरा घुमट ही वेगळी परीक्षा आहे. तिथे एचडीआरपेक्षा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड स्वतः कमी-जास्त करणं, शिकण्यासारखं आहे. पांढरा घुमट फ्रेमभर आला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो घुमटाला राखाडी करून टाकतो. अधिक दोन-तृतीयांश किंवा अधिक एक द्या, आणि स्क्रीनवर लुकलुकणारे (म्हणजे पांढरेफटक पडलेले) भाग दिसू लागले की एक पायरी मागे या. ढगाळ दिवशी एवढंच पुरतं. तिरपं ऊन असेल आणि घुमटाची सावलीतली बाजूही हवी असेल, तेव्हा एचडीआरकडे वळा.

मे महिन्यात भर दुपारी एचडीआर लावलं तर फोटो सुधारतील का?

फारसे नाहीत. मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यावर नागपुरात दुपारी सूर्य जवळपास थेट डोक्यावर येतो. माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत सावली, झाडांखाली ठिपके, भिंतीवर पोतच नाही. एचडीआर त्या सावल्या उजळवेल, पण उजेडाची दिशा बदलू शकणार नाही. चेहरा मऊ उजेडात हवा असेल तर माणसाला व्हरांड्याच्या सावलीत आणा. कॅमेऱ्यातली कुठलीही सोय या दोन पावलांची बरोबरी करत नाही.

एचडीआरचे फोटो नकली का वाटतात? आकाश जांभळं, झाडं पोपटी.

कारण कंपन्यांनी त्यात चित्रासारखे पर्याय भरलेत. कॅननमध्ये नॅचरलसोबत आर्ट स्टँडर्ड, आर्ट व्हिव्हिड, आर्ट बोल्ड, आर्ट एम्बॉस्ड असे प्रकार मिळतात. नॅचरल सोडून बाकीच्यांत रंग आणि कडा मुद्दाम ताणलेल्या असतात. नॅचरल निवडा आणि स्टॉपचं अंतर कमी ठेवा.

आणखी एक कारण आहे. डोळ्याला सावली सावलीसारखीच दिसायला हवी असते. खोलीतला कोपरा अंगणाइतकाच उजळ दिसला की मेंदूला पटत नाही, मग आपण म्हणतो नकली आहे. जोडलेला फोटो बघताना हेच तपासा: अंगण अजूनही माजघरापेक्षा उजळ आहे का?

ट्रायपॉड लागतोच का?

उजेड भरपूर असेल तर नाही. तीन फ्रेममधली सगळ्यात हळू फ्रेम कुठल्या शटरची आहे ते बघा. वाड्याच्या उदाहरणात ती १/६ आहे, हातात जमणार नाही. आयएसओ १०० वरून ४०० केलं की तीच तीन शटर १/१६००, १/२०० आणि १/२५ होतात. भिंतीला टेकून, श्वास रोखून, शेक कमी करणारी लेन्स असेल तर हे जमतं. सोबत शटर ड्राइव्ह सलग शूटिंगवर ठेवा, म्हणजे फ्रेममधला वेळ कमी होतो.

मेन्यूत ऑटो अलाइन असेल तर हातात धरताना चालू ठेवा. कॅमेरा फ्रेम एकमेकींवर बसवतो आणि त्यापायी कडा थोड्या कापतो, म्हणून चौकट किंचित सैल लावा. ट्रायपॉडवर ते बंद. देवळं, संग्रहालयं, मॉल अशा ठिकाणी ट्रायपॉड लावण्याआधी विचारा.

फोटोत माणसाला दोन डोकी आली! असं का?

फ्रेममध्ये वेळ जातो आणि तेवढ्यात माणूस हलतो. झिरो माइलचा दगडी खांब आणि ते चार घोडे जागचे हलत नाहीत, पण मागच्या रस्त्यावरून जाणारा ऑटो पहिल्या फ्रेममध्ये एका जागी असतो आणि तिसऱ्यात दुसऱ्या. जोडल्यावर तो अर्धा पारदर्शक दिसतो. वाऱ्यात हलणारी कडुनिंबाची पानं, तलावाच्या लाटा, झेंडे, सगळ्यांचं असंच होतं.

म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक काढायला इतवारी-महालात जाणार असाल तर एचडीआर घरातूनच बंद करून निघा. काळी आणि पिवळी मारबत, बडगे (हे सगळे मिरवणुकीतले पुतळे), गुलाल, नाचणारी पोरं, सगळंच हलतं. तिथे रॉ काढा, शटर १/५०० च्या वर ठेवा.

मी रॉमध्येच काढतो. मला कॅमेऱ्यातलं एचडीआर हवंच कशाला?

बहुतेक वेळा नकोच. अलीकडच्या सेन्सरवर सगळ्यात कमी आयएसओला काढलेली एक रॉ फाइल सावलीत तीन-चार स्टॉप सहज उचलता येते. युक्ती एवढीच, की एक्स्पोजर आकाशासाठी लावायचं. उडालेलं आकाश रॉमध्येही परत येत नाही, सावली येते.

अंतर त्याहून मोठं असेल तर ब्रॅकेटिंग करा. उणे दोन, शून्य, अधिक दोन, तिन्ही रॉ. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये ते जोडले तर जोडलेली फाइलही रॉसारखीच हाताळता येते. फुकटात हवं असेल तर डार्कटेबल आणि ल्युमिनन्स एचडीआर आहेत.

मग कॅमेऱ्यातलं एचडीआर कोणासाठी? ज्यांना संगणकासमोर बसायचं नाही त्यांच्यासाठी. घर दाखवायला फोटो काढणाऱ्यांसाठी, सहलीहून त्याच रात्री फोटो पाठवणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना तिथल्या तिथे स्क्रीनवर निकाल बघून शिकायचं आहे त्यांच्यासाठी. शिकण्यासाठी मला हे फार मोलाचं वाटतं, कारण उजेडाशी आपण काय केलं ते उजेड तिथे असतानाच दिसतं. रॉच श्रेष्ठ आणि जेपीईजी कनिष्ठ, असं कोणी सांगत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका.

ॲक्टिव्ह डी-लायटिंग, डीआरओ, ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, डीआर ४००... हे सगळं एचडीआरच का?

नाही, आणि हा फरक नीट समजून घ्या, कारण रोजच्या वापरात एचडीआरपेक्षा याच सोयी जास्त कामी येतात. या सगळ्या एकाच फ्रेमवर काम करतात. हलणारा माणूस, मूल, ऑटो, काहीही चालतं.

सोनीचं डीआरओ आणि कॅननचं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर फोटो काढून झाल्यावर जेपीईजीतल्या सावल्या उजळवतात. रॉला हात लावत नाहीत. जोर वाढवला की सावलीत दाणे दिसू लागतात, कारण मुळात तिथे उजेड कमीच होता.

निकॉनचं ॲक्टिव्ह डी-लायटिंग थोडं पुढे जातं. ते आकाश वाचवण्यासाठी एक्स्पोजरच किंचित कमी करतं आणि मग सावली उचलते. म्हणजे ते चालू असताना काढलेली रॉ फाइल दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर थोडी काळपट दिसू शकते. कॅमेरा बिघडला म्हणून दुकान गाठू नका.

कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटी चालू केलं की आयएसओ १०० नाहीसं होतं आणि २०० पासून सुरुवात होते. फुजीत डीआर २०० हवं असेल तर आयएसओ मूळ पातळीच्या दुप्पट लागतं, डीआर ४०० साठी चौपट. मूळ पातळी १६० असेल तर ३२० आणि ६४०. दोन्हींमागचा विचार एकच: सेन्सरवर मुद्दाम कमी उजेड पडू द्यायचा, म्हणजे पांढरे भाग उडत नाहीत, आणि मग मधले-गडद भाग वर आणायचे. लग्नात नवरदेवाचा पांढरा फेटा आणि नवरीचा गडद शालू एकाच उन्हात असले, तर मी डीआर २०० लावते. फेट्याची वीण शाबूत राहते.

ॲक्टिव्ह डी-लायटिंग किंवा डीआरओ आणि एचडीआर एकाच वेळी चालत नाहीत. एक निवडावं लागतं.

नव्या कॅमेऱ्यात ‘एचडीआर पीक्यू’ आणि ‘एचएलजी’ लिहिलंय. तेच का हे?

नाव सारखं, काम वेगळं. इथे फ्रेम जोडल्या जात नाहीत. एकच फोटो जास्त उजळ स्क्रीनसाठी, दहा बिट रंगांसह, एचईआयएफ फाइल म्हणून साठवला जातो. एचडीआर टीव्हीवर तो सुरेख दिसतो. पण फाइल जुन्या संगणकावर उघडत नाही, आणि स्टुडिओत प्रिंटला दिली तर परत जेपीईजी मागतात. घरच्यांना फोटो पाठवायचे असतील तर हे बंद ठेवा.

फोनमध्ये आपोआप इतकं छान येतं, मग महागड्या कॅमेऱ्यात का नाही?

फोनचा सेन्सर नखाएवढा. एका फ्रेममध्ये त्याला फारसं काही मिळत नाही, म्हणून तो तुम्ही बटण दाबण्याआधीपासूनच भराभर फ्रेम घेत असतो, बहुतेक सगळ्या मुद्दाम काळपट. मग त्या एकमेकींवर रचून दाणे पुसतो आणि सावल्या उचलतो. गुगलने २०१३ मध्ये नेक्सस ५ वर आणलेलं एचडीआर प्लस याच विचारावर उभं आहे. फोनचा प्रोसेसर यासाठीच बनवलेला असतो. कॅमेऱ्याचा प्रोसेसर फोकस, सलग फ्रेम आणि व्हिडिओ यांना वाहिलेला. कॅमेऱ्याच्या मोठ्या सेन्सरला एका फ्रेममध्ये जे मिळतं ते त्याच्याकडून घ्यायचं असेल तर थोडा हात तुम्हालाच चालवावा लागेल.

मल्टिपल एक्स्पोजर कशासाठी वापरायचं?

एकाच फोटोत दोन क्षण. कॅननच्या बऱ्याच बॉडीत जोडण्याचे चार प्रकार मिळतात: बेरीज, सरासरी, उजळ, गडद. यातलं उजळ सगळ्यात उपयोगी. प्रत्येक बिंदूवर दोन्ही फ्रेमपैकी जे जास्त उजळ तेच ठेवतो. कोजागिरीचा चंद्र लांब लेन्सने काळ्या आकाशात एका फ्रेममध्ये घ्या, मग लेन्स बदलून दुसऱ्या फ्रेममध्ये फुटाळा तलावाच्या काठावरचे दिवे. चंद्र जिथे बसवायचा ती जागा दुसऱ्या फ्रेममध्ये काळी हवी. फोटो दाखवताना दोन फ्रेम जोडल्यात हे सांगा. बघणाऱ्याचा तेवढा हक्क आहे.

मेट्रोच्या दिव्यांच्या रेषा आणि पावसाळ्यातली वीज कशी काढू?

ऑलिंपस किंवा ओएम सिस्टिमचा कॅमेरा असेल तर लाइव्ह कंपोझिट शोधा. २०१४ च्या ई-एम१० पासून ते येतं आणि माझ्या मते मेन्यूतली सगळ्यात सुंदर सोय हीच. कॅमेरा एकामागून एक फ्रेम घेत राहतो आणि आधीच्यापेक्षा जे नवं उजळ दिसेल तेवढंच भरतो. रस्त्यावरचे दिवे पहिल्या फ्रेमइतकेच राहतात, गाड्यांच्या रेषा मात्र साचत जातात. स्क्रीनवर फोटो भरत जाताना दिसतो. पुरेसा झाला की थांबवायचं.

वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल यासाठी उत्तम. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो, म्हणजे एकाच फ्रेममध्ये तीन थरांच्या रेषा. फुटपाथवर सुरक्षित जागा बघा, दुभाजकावर उभं राहू नका. वाहनं वर-खाली धावत असताना मेट्रो यायची वाट बघावी लागते, तेवढा धीर हवा. मेट्रो येण्याच्या जरा आधी सुरू करा आणि ती फ्रेमबाहेर गेली की लगेच थांबवा, नाहीतर खालच्या रस्त्यावर नुसता लाल-पांढरा गिचका होतो.

वीज काढताना हीच सोय घराच्या आतून, खिडकीतून वापरा. मृगाच्या पावसात गच्चीवर ट्रायपॉड लावून उभं राहू नका. आपल्या विदर्भात दरवर्षी वीज पडून माणसं जातात. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असेल तर पंधरा-वीस सेकंदांच्या फ्रेम सलग घेत राहा आणि नंतर उजळ पद्धतीने जोडा.

लांब एक्स्पोजरनंतर कॅमेरा अडकून बसतो. का?

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू आहे. ३० सेकंदांच्या फोटोनंतर तो शटर बंद ठेवून आणखी ३० सेकंदांची काळी फ्रेम घेतो आणि गरम झालेले ठिपके वजा करतो. उन्हाळ्यात ठिपके जास्त येतात, तेव्हा चालू ठेवा. विजेसाठी किंवा सलग फ्रेमसाठी बंद.

संत्र्याच्या फुलाचा फोटो काढला तर अर्धं फूल धूसर येतं.

जवळून काढताना फोकसची पट्टी काही मिलिमीटरचीच असते. ॲपर्चर एफ १६ केलं तरी भागत नाही, वर फोटो मऊ पडतो. फोकस ब्रॅकेटिंग वापरा: कॅमेरा फोकस पुढून मागे थोडा थोडा सरकवत फ्रेम घेतो. निकॉन डी८५० मध्ये त्याचं नाव फोकस शिफ्ट. काही ऑलिंपस बॉडी त्या आतच जोडून देतात. बाकीच्यांना संगणक लागतो.

आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात. काटोल-नरखेडच्या बागेत सकाळी लवकर जा, वारा पडलेला असतो. एक फूल निवडा. फुलाच्या सगळ्यात पुढच्या पाकळीच्या टोकावर फोकस, एफ ५.६, पावलं लहान, फ्रेम वीसच्या आसपास. मधमाशी येऊन बसली तर ब्रॅकेटिंग सोडून द्या आणि तिचाच फोटो काढा. बागायतदाराला आधी विचारा, आणि फांदी वाकवू नका, त्या फुलाचं फळ धरायचं असतं.

गणपतीच्या मंडपात फोटोवर आडवे पट्टे येतात.

सायलेंट शटर बंद करा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकेक ओळ करत वाचतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि ते ओळींमध्ये पट्टे बनून उतरतं. मेकॅनिकल शटर लावा आणि १/१०० किंवा १/५० वर राहा. अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, तो दिव्याच्या उजळ क्षणाची वाट बघून फोटो घेतो. मंडपातल्या रंगीत एलईडी माळा मात्र स्वतःच्याच गतीने लुकलुकतात. तिथे शटर थोडं थोडं बदलत पट्टे कुठे नाहीसे होतात ते बघावं लागतं. अशा उजेडात एचडीआरही नको, फ्रेमागणिक रंग बदलतो.

अंबाझरीचा सूर्यास्त टाइमलॅप्समध्ये घ्यायचा आहे. किती फ्रेम?

दर पाच सेकंदांनी एक, एक तास. ७२० फ्रेम होतात, सेकंदाला २४ ने चालवल्या की ३० सेकंदांचा व्हिडिओ. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, डेलाइटवर ठेवा, नाहीतर आकाशाचा केशरी रंग कॅमेरा सावरत बसतो. फोकस मॅन्युअल. बॅटरी पूर्ण भरलेली.

प्री-कॅप्चर म्हणजे काय?

बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा फ्रेम तात्पुरत्या साठवत राहतो, आणि पूर्ण दाबल्यावर आधीच्या काही फ्रेमही कार्डावर उतरवतो. खंड्या पाण्यात सूर मारतो तो क्षण आपल्या बोटाच्या वेगात बसत नाही, त्यासाठी हे. बॅटरी भराभर संपते.

नागपूरच्या उन्हात कॅमेरा बिघडणार नाही ना?

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सियस दिलेली असते, आणि मेमध्ये आपला पारा ४५ च्या वर जातो. काळी बॉडी उन्हात त्याहून तापते. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर काम करा. बंद गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका. बॅग झाकायला पांढरा सुती दुपट्टा पुरतो. एचडीआर, लाइव्ह कंपोझिट, ४के व्हिडिओ या सोयी सेन्सर आणि प्रोसेसर सतत चालू ठेवतात, म्हणून मधेमधे कॅमेरा बंद करून सावलीत ठेवा. एसीच्या खोलीतून एकदम बाहेर उन्हात काढला तर एरवी काही होत नाही, पण पावसाळ्यात लेन्सवर बाष्प धरतं. बॅगेतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या.

सगळं करून बघितलं, आता सेटिंग इतकी बदललीत की साधा फोटोही नीट येत नाही.

मेन्यूत सगळी सेटिंग मूळ जागी आणण्याचा पर्याय असतो, तो वापरा. तारीख आणि भाषा तपासून घ्या. मग डायलवर सी१, सी२ किंवा यू१, यू२ असेल तर रोजची सेटिंग पहिल्या जागी साठवा: रॉ अधिक जेपीईजी, एचडीआर बंद, ऑटो आयएसओ, ॲपर्चर प्रायॉरिटी. दुसऱ्या जागी एचडीआरची जुळणी: फक्त जेपीईजी, नॅचरल, दोन स्टॉप, ऑटो अलाइन चालू, मूळ फ्रेम जपण्याची सोय असेल तर तीही. अशी जागा डायलवर नसेल तर ‘माय मेन्यू’मध्ये इमेज क्वालिटी आणि एचडीआर या दोन ओळी एकाखाली एक बसवा. आधी पहिली बदलायची, मग दुसरी.